पहिलीच्या आधीचं वर्ष: मूल काय शिकतं, घरानं काय करावं

दिवाळीची सुट्टी संपली की जळगाव-धुळ्यातल्या घराघरांत एकच काळजी सुरू होते. पोर मोठ्या गटात आहे, पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार, आणि वही अजून अर्धी कोरी. शेजारचा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो, मावशीची मुलगी इंग्रजी स्पेलिंगं धडाधड म्हणून दाखवते. मग संध्याकाळी पोराला समोर बसवून एकेक पान भरून घेण्याचा कार्यक्रम लागतो. पोर रडतं, आई चिडते, आजी मध्ये पडते, आणि रात्री सगळेच हिरमुसून झोपतात.

पाच ते सहा हे वर्ष पहिलीचा अभ्यास आधीच उरकून टाकण्यासाठी नाही. या वर्षात मुलाची भाषा फुलते, हात तयार होतात आणि संख्येचा अर्थ कळू लागतो. स्वतःची कामं स्वतः करण्याची सवय लागते, चारचौघांत वावरण्याची हिंमत येते. या पाच गोष्टी पक्क्या झालेलं मूल पहिलीत लिहायला-वाचायला पटकन शिकतं. वहीत मात्र त्यातलं फार थोडं दिसतं, म्हणून पालकांना वाटतं की मूल काहीच शिकत नाही.

सरकारी धोरणही हेच सांगतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं, पहिली आणि दुसरी मिळून एकच टप्पा. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात अर्थ समजून वाचणं आणि पायाभूत गणित येण्यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतची मुदत धरली आहे. जे तिसरीपर्यंत पक्कं व्हायचं, ते साडेपाच वर्षांच्या मुलाकडे आजच का मागायचं?

आधी बोलणं, मग अक्षर

वाचायला शिकणाऱ्या मुलाजवळ शब्दांचा साठा हवा. अक्षरं जुळवून 'घागर' वाचता आलं, पण घागर म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर ते वाचन पोपटपंचीच. हा साठा घरातल्या बोलण्यातून येतो. आणि खान्देशातलं घरातलं बोलणं एकाच प्रकारचं नाही. धुळे जिल्ह्यात आणि अमळनेर, पारोळा, चाळीसगावच्या भागात अहिराणी आहे. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा गणबोली आहे. शिरपूर, चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी बोलली जाते. घरी 'मले भूक लागनी' म्हणणारं पोर वर्गात पहिल्यांदाच 'मला भूक लागली' ऐकतं. त्या क्षणी कोणी हसलं, तर पोर तोंड मिटून घेतं. आणि न बोलणाऱ्या मुलाला काय समजलं, काय नाही, हे बाईंना कळायला मार्गच उरत नाही.

म्हणून पहिलं पथ्य हे पाळा: घरची बोली तोडू नका. आजीशी अहिराणीत गप्पा मारणारं मूल मराठीत मागे पडत नाही. एका भाषेत विचार करायला, गोष्ट सांगायला, कारण द्यायला जमलं की ती ताकद दुसऱ्या भाषेतही उतरते. शाळेतल्या बाईंनाही विनंती करा, की मूल बोलीत सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या आणि तेच मराठीत सहज म्हणा. 'असं नाही बोलायचं' हे वाक्य मात्र नको. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी आपल्या बोलीत तोंडी रचलेली गाणी घरच्यांनी लिहून ठेवली आणि ती त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपानं महाराष्ट्रासमोर आली. तोंडी भाषेत केवढं सामर्थ्य असतं, याचा दाखला आपल्या मातीतच आहे.

इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलांनाही हेच लागू आहे. घरी तुटक इंग्रजीत 'ईट', 'सीट', 'कम' करण्यापेक्षा आपल्या भाषेत भरपूर बोला. शाळेतलं इंग्रजी शाळेत येईल. आज वर्गात काय झालं, ते मात्र मुलाला आपल्या भाषेत सविस्तर सांगू द्या.

खेळातून भाषा कशी वाढते, ते पाहायचं तर गुलाबाईच्या दिवसांत एखाद्या ओट्यावर थांबा. गाणी झाली की खाऊचा झाकलेला डबा पुढे येतो आणि ओळखण्याचा खेळ सुरू होतो. डबा कानाशी धरून हलवायचा, आवाज ऐकायचा, मग विचारायचं: गोड की तिखट? ओलं की कोरडं? तळलेलं की भाजलेलं? कोरडं आहे, खुळखुळतं आहे आणि तिखट आहे, म्हणजे शेव असेल. पाच वर्षांची पोर इथे प्रश्न विचारते, उत्तरं लक्षात ठेवते, नको ते बाजूला सारते आणि अंदाज बांधते. हा खेळ भाद्रपदाची वाट न पाहता बाराही महिने खेळा, आणि मुलग्यांनाही घ्या.

रोज रात्री एक गोष्ट सांगा किंवा वाचून दाखवा. गोष्ट मध्येच थांबवून 'पुढे काय झालं असेल?' असं विचारा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलाकडून ऐका. जाता-येता आवाजांचे खेळ खेळा. 'केळी' म्हणताना टाळ्या किती? दोन. 'पपई'ला? तीन. 'का'नं सुरू होणारी तीन नावं सांग. शब्द आवाजांचा बनतो हे कानाला कळलं की अक्षर शिकणं सोपं जातं. एसटीवरची 'अमळनेर', 'साक्री', 'पारोळा' ही पाटी बोट ठेवून वाचून दाखवा. वर्षाच्या शेवटी मुलानं आपलं नाव ओळखावं, ओळ डावीकडून उजवीकडे वाचतात हे त्याला ठाऊक असावं आणि रोजच्या पाहण्यातली बरीच अक्षरं ओळखीची व्हावीत. एवढं पुष्कळ आहे.

पेन्सिलीआधी परात

माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेची असतात आणि एकेक करत पक्की होत जातात. हे काम दहा-बारा वर्षांपर्यंत चालतं. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायूही अजून तयार होत असतात. अशा हाताकडून तीन-तीन पानं लिहून घेतली की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, कागद फाटेपर्यंत दाबतं आणि लिहिण्याचा कंटाळा करायला लागतं.

हात तयार करायला आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे. वरण-बट्टीचा बेत असेल तेव्हा मुलाला परातीशी बसवा. जाडसर कणकेचा लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात द्या. पहिल्यांदा तो बोटांना चिकटेल, वळताना भेगा पडतील, एक बट्टी मोठी तर दुसरी चपटी होईल. पाचव्या-सहाव्या गोळ्याला मूल आपणहून दोन्ही तळहात जुळवून गोल फिरवायला लागेल आणि भेग दिसली की अंगठ्यानं दाबून बुजवेल. पेन्सिल धरायला अंगठ्याचा हाच दाब आणि मनगटाचं हेच वळण लागतं. तुरीच्या शेंगा सोलणं, कपाशीच्या बोंडातून सरकी वेगळी काढणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, पिळून रुमाल वाळत घालणं, ही सगळी त्याच जातीची कामं आहेत. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मातीचा गोळा, बोथट टोकाची कात्री, जुनी वर्तमानपत्रं आणि जाड खडू एवढं आणलं तरी भागतं.

चित्र काढणं हा लिहिण्याचा पाया आहे. मुलं आधी गोल काढतात, मग चौकोन, आणि साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास त्रिकोण जमतो. तिरकी रेघ हाताला अवघड असते, म्हणून त्रिकोणाला उशीर लागतो. मुलाला माणसाचं चित्र काढायला सांगा आणि तीन-तीन महिन्यांनी काढलेली चित्रं जपून ठेवा. आधी डोक्यालाच पाय फुटलेले असतात, मग पोट येतं, हात येतात, बोटं येतात, कानातले डूलही येतात. मुलाची समज कशी वाढत गेली ते या कागदांवर स्वच्छ दिसतं.

अक्षरं गिरवायची झाली तर वळणानं सोपी आधी घ्या. 'ग म भ न' हा आपल्याकडचा जुना क्रम त्याच विचारानं लावलेला आहे. आधी धुळीत किंवा ताटातल्या रव्यात बोटानं, मग पाटीवर, शेवटी कागदावर. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका.

मोजणं म्हणजे पाठांतर नव्हे

'एक ते शंभर म्हणून दाखव' म्हटलं की मूल म्हणून दाखवतं, पाहुणे टाळ्या वाजवतात. पण त्याला संख्या कळली का? केळीची एक फणी समोर ठेवा आणि प्रत्येक केळ्याला बोट लावून मोजायला सांगा. काही मुलं बोट पुढे गेलं तरी अंक मागे ठेवतात, काही एकच केळं दोनदा मोजतात. मोजून झालं की विचारा, 'मग किती केळी?' मूल पुन्हा एक, दोन, तीन असं पहिल्यापासून सुरू झालं, तर शेवटचा अंक म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. 'चौदा' असं थेट उत्तर आलं, तर मोठा टप्पा पार झाला. आता त्यातली पाच केळी लांब लांब मांडा आणि पाच जवळ जवळ. 'कुठे जास्त?' बरीच मुलं लांब मांडलेल्या रांगेकडे बोट दाखवतात. चूक म्हणून ओरडू नका. दोन्ही रांगांतली केळी जोडीजोडीनं लावून पाहू द्या. ही समज सांगून येत नाही, हाताळून येते.

या वर्षी वीसपर्यंतच्या संख्या नीट कळल्या तरी पुरे. पुढच्या मराठी संख्या लहान मुलाला खरोखर अवघड जातात. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी पर्यायी पद्धत दिली गेली, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, दुसरीतल्या मुलांनाही ही अडचण येते हे त्यातून स्पष्ट झालं. मग मोठ्या गटातल्या मुलानं ५२ आणि २५ यांची अदलाबदल केली, तर त्याला ढ ठरवायचं कारण नाही.

गणित अंकांपुरतं नसतं. मूग, तूर, हरभरा मिसळून द्या आणि वेगळे करायला सांगा. रांगोळीचे ठिपके एकाआड एक दोन रंगांत भरू द्या. कोणतं वांगं जड, कोणत्या तांब्यात पाणी जास्त, हे आधी अंदाजानं आणि मग मोजून ठरवू द्या. वारांची नावं तोंडपाठ करून घेण्यापेक्षा गावाच्या आठवडे बाजाराचा वार धरा. बाजाराला अजून किती दिवस, काल कोणता वार होता, परवा कोणता येईल, असं विचारत गेलात की महिनाभरात वार पक्के होतात.

आपलं आपण, आणि सगळ्यांबरोबर

पहिलीच्या बाईंना सर्वांत जास्त मदत कोणत्या मुलाची होते? जे आपला डबा स्वतः उघडतं, चप्पल उजवी-डावी ओळखतं, शू लागली तर वेळेवर सांगतं आणि बाईंनी एका दमात सांगितलेल्या दोन-तीन सूचना लक्षात ठेवतं. ही कामं घरी आई किंवा आजी करून टाकते, कारण सकाळी घाई असते. रविवारी घाई नसते. बटण लावणं, दप्तर भरणं, ताट धुवायला ठेवणं, यांचा सराव सुट्टीच्या दिवशी करून घ्या.

मुलाला स्वतःचं पूर्ण नाव, आई-वडिलांचं नाव, गाव किंवा गल्ली आणि घरातला एक फोन नंबर पाठ असावा. अंगाला कोणी नको तसा हात लावला, तर मोठ्यानं 'नाही' म्हणायचं आणि घरी येऊन सांगायचं, हेही याच वयात शिकवा. सांगितल्यावर आपण रागावणार नाही, ही खात्री मुलाला आधीपासून हवी.

खेळात हरल्यावर रडणं, खेळणं न देणं, ढकलणं हे या वयात चालायचंच. मुलाला मुद्दाम जिंकवत राहू नका. 'तुला राग आला, नाही का?' असं म्हणून भावनेला नाव द्या. राग आलाय हे शब्दांत सांगता येऊ लागलं की हात उगारणं कमी होत जातं. रोज तासभर इतर मुलांबरोबर मोकळं खेळू द्या. मोबाइलवरच्या बालगीतांनी ही गरज भागत नाही, कारण मोबाइल मुलाशी भांडत नाही आणि समेटही करत नाही.

शाळा पाहताना काय पाहाल

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडी मुलांच्याच अंगणात नेली आणि शिंपले, खडे, बिया, पानं यांचं शैक्षणिक साहित्य केलं. आजही चांगल्या बालवाडीची हीच खूण आहे: साहित्य मुलांच्या हातात असतं, कपाटात बंद नसतं.

प्रवेशाआधी अर्धा तास वर्गात बसू द्या म्हणून विनंती करा. मुलं बोलतात का? जमिनीवर बसून हातानं काही करतात का? बाई गोष्ट सांगतात का? मैदान किंवा निदान अंगण आहे का? स्वच्छतागृह मुलांच्या उंचीचं आणि स्वच्छ आहे का? रोज किती पानं गृहपाठ असतो? शेवटच्या प्रश्नाला अभिमानानं 'चार पानं' असं उत्तर आलं, तर दुसरी शाळा बघा.

अंगणवाडीला कमी लेखू नका. तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना फी न घेता पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पूरक आहार मिळतो, वजन-उंचीची नोंद ठेवली जाते. राज्यातल्या अंगणवाड्यांसाठी खेळावर आधारलेला अभ्यासक्रम आहे. तो आपल्या गावात कसा चालतो ते सेविकाताईंना विचारा, आठवड्यातून एकदा जाऊन मुलांना गोष्ट सांगा किंवा गाणं शिकवा. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी सेविकाताईंना कळवून नोंद करून घ्यावी आणि पोहोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत मुलाला घेऊन जावं.

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये २०२२पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी तिथे शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व तयारीचे स्टॉल असतात. मूल उडी मारतं, चित्र रंगवतं, वस्तू लहान-मोठ्या क्रमानं लावतं, चित्र पाहून बोलतं, आणि आईला घरी घेण्याच्या कृती समजावून सांगितल्या जातात. तुमच्या गावात मेळावा असेल तेव्हा एक दिवसाची मजुरी बुडाली तरी जा. आईबरोबर वडिलांनीही जावं.

वयाची घाई करू नका. पहिलीला सहा वर्षं पूर्ण असावीत हा नियम मुलाच्या भल्याचा आहे. वर्षभर आधी ढकललेलं मूल वर्गात सगळ्यात लहान राहतं आणि प्रत्येक गोष्टीत मोठ्या मुलांशी त्याची तुलना होते.

तब्येतीकडे लक्ष

न ऐकणारं, न बघणारं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून मार खातं. टीव्हीच्या अगदी जवळ बसणं, डोळे बारीक करणं, मान तिरकी करून बघणं, हाक मारली तरी न वळणं, वारंवार कान फुटणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्या दिवशी मूल हजर ठेवा. पाच ते सहा वर्षांदरम्यानचा डीपीटीचा दुसरा बूस्टर चुकवू नका. पाच वर्षं उलटली तरी मूल पूर्ण वाक्यात बोलत नसेल, परक्या माणसाला त्याचं बोलणं कळत नसेल, ते कोणाच्या नजरेला नजर देत नसेल किंवा येत असलेलं विसरू लागलं असेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका. जळगाव आणि धुळे दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रुग्णालयात बालरोग विभागात दाखवा. जितकं लवकर कळेल तितकी मदत जास्त होते.

एप्रिलमध्ये स्वतःलाच विचारा

मोठा गट संपताना वहीऐवजी या प्रश्नांवर मुलाला पारखा. उत्तरं घरातच मिळतील.

- ऐकलेली गोष्ट क्रमानं सांगतं का? 'का?' या प्रश्नाला कारण देतं का?
- एका पायावर उड्या मारतं का? कात्रीनं रेघेवर कापतं का? माणसाचं चित्र काढतं का?
- वीसपर्यंतच्या वस्तू बोट लावून मोजतं का? कमी-जास्त सांगतं का?
- आपलं नाव ओळखतं का? पुस्तक हातात घेऊन पानं उलटण्यात रमतं का?
- डबा, कपडे, शू-शी स्वतःचं स्वतः पाहतं का? आपली पाळी येईपर्यंत थांबतं का?
- नवीन माणसाशी, नवीन मुलांशी, आपल्या बोलीत का होईना, दोन शब्द बोलतं का?

बहुतेक उत्तरं 'हो' असतील, तर मूल पहिलीसाठी तयार आहे, मग वहीत काहीही असो. एखाददुसरं 'नाही' आलं, तर एप्रिल ते जून हातात आहेत. आखाजीच्या झोक्यावर, मामाच्या शेतात, आजीच्या चुलीपाशी त्याचा सराव करून घ्या. आणि एप्रिलची वाट तरी कशाला पाहायची? आज संध्याकाळी वही बाजूला ठेवा, अर्धा तास मोबाइल बंद करा. मुलाला कामात सोबत घ्या, त्याच्याशी बोला, त्याचं पूर्ण ऐकून घ्या. हा अर्धा तास वर्षभर टिकवलात, तर जूनमध्ये मूल पहिलीच्या वर्गात न घाबरता बसेल आणि शिकेल.